आईला लावाल?

किस्से असे मुद्दाम कोणी जमवत नाही हो. आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअरमधला बग सुटला की त्याचा किस्सा होतो आणि नाही सुटला तर ॲसिडिटी होते! माझ्याकडे दोन्हींचा भरपूर साठा आहे.

आम्ही हॉस्पिटलच्या सलाइन पंपाच्या टचस्क्रीनसाठी ड्रायव्हर लिहितो. म्हणजे बोट नक्की कुठे टेकलं, हे मशीनला सांगणारं सॉफ्टवेअर. पेशंटला तासाला किती औषध जाणार, तो आकडा याच स्क्रीनवर भरतात. त्यामुळे आमचं चुकलं तर फक्त ॲप बंद पडत नाही. पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. विश्रांतवाडीला घरी आईला मी 'पंप बनवतो' एवढंच सांगितलंय, बाकी यातलं काही नाही, उगाच तिचं बीपी वाढायचं.

*

आमचे गोडबोले सर पुण्याच्या शनिवार पेठेतले. बोलतात कमी, लागतं जास्त! प्रत्येक रिलीजच्या, म्हणजे नवं सॉफ्टवेअर हॉस्पिटलांना देण्याच्या, आधी ते सगळ्यांना टेबलाभोवती उभं करतात आणि एकेकाकडे बघून एकच प्रश्न विचारतात, "आईला लावाल?"

'हो' म्हणायचं किंवा 'नाही' म्हणायचं. एकानं जरी "बहुतेक" म्हटलं तरी रिलीज रद्द.

एकदा आमचा टेस्टर इम्रान म्हणाला, "सर, आईचं नक्की नाही. सासूबाईंना लावतो."

"लावा की! फक्त रिलीज नोटवर त्यांची सही आणा."

रिलीज पुढे ढकललं गेलं.

*

मग आलं भूत. कोणी हात न लावता स्क्रीनवरचा आकडा आपोआप बदलायचा. पाचाचे पन्नास! मी घाबरून कोडमध्ये एक ओळ घातली, प्रत्येक टच लिहून ठेवणारी. तर भूत गायब! ओळ काढली की पुन्हा हजर.

इम्रान म्हणाला, "मेघना, लाजाळू आहे गं हे. कोणी लिहून घेतंय म्हटलं की येतच नाही."

डेडलाइन डोक्यावर होती. मी चाचरत म्हटलं, "सर, ती ओळ तशीच राहू दिली तर?"

"म्हणजे भूत घरातच आहे, फक्त आपण जागे आहोत म्हणून गप्प बसलंय." सर चष्मा पुसत म्हणाले, "आईला लावाल?"

मी ती ओळ काढून टाकली आणि पुन्हा शोधायला बसले. शेवटी कळलं की आम्ही टचच्या चिपला फार घाईनं प्रश्न विचारत होतो. ती तयार नसताना काहीतरी ठोकून द्यायची. माझी ओळ लिहिण्यात जो जरासा वेळ जायचा, तेवढा तिला पुरायचा.

*

एका डॉक्टरांसमोर डेमो होता. त्यांनी उजवीकडचं 'थांबवा' दाबलं आणि डावीकडचं 'सुरू' लागलं! नव्या बोर्डवर स्क्रीन उलटा बसवला होता आणि ड्रायव्हरला ते सांगायचं राहून गेलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

सर माझ्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरले. मग म्हणाले, "कात्रजला निघालो आणि पार दुसऱ्या टोकाला, विश्रांतवाडीला उतरलो. प्रवास मात्र छान झाला!"

*

खंडेनवमीला लॅबमध्ये यंत्रांची पूजा असते. हार्डवेअरच्या प्राजक्तानं पंपाला हळदकुंकू वाहिलं, पाणी शिंपडलेला झेंडूचा हार घातला आणि सरांच्या हस्ते बटण दाबून पंप सुरू केला. टाळ्या झाल्या, पेढे झाले.

हार काढला आणि स्क्रीन पिसाळला! आकडे आपोआप पळायला लागले. भूत परत आलं म्हणून मी लॅपटॉप उघडला. अख्खी सकाळ कोड वाचण्यात गेली. शेवटी इम्राननं मोबाइलमधले पूजेचे फोटो उघडून बघितले. हाराचं ओलं टोक जिथे स्क्रीनवर टेकलं होतं, बरोब्बर तिथेच गडबड होती.

चालू होताना स्क्रीन 'रिकामं म्हणजे काय' ते शिकतो. झेंडूसकटचा स्क्रीन म्हणजेच रिकामा, असं हा शहाणा शिकला होता!

"पूजा चांगली झाली," सर म्हणाले, "देव आतच येऊन बसला."

आम्ही हसलो. सर नाही हसले. "झेंडूच्या जागी नर्सचा ओला ग्लोव्ह असता तर?"

मग आम्ही सोय केली. चालू होताना स्क्रीनवर काही असलं, तर पंप पुढेच जायचा नाही. 'स्क्रीन मोकळा करा' असा संदेश दाखवायचा. त्या रिलीजला मी 'हो' म्हटलं, पण रात्री पुन्हा कोड वाचत बसले.

*

आणि आता हा. आईच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात पोचले, तर कॉटशेजारी आमचाच पंप! मी बाहेर जाऊन सरांना फोन लावला. "सर, आईला... आपलंच मशीन." त्यांनी फोन ठेवला आणि थोड्या वेळानं थेट हॉस्पिटलच्या दारात.

गार्डनं अडवलं. "पेशंटचे कोण?"

"पेशंटचा कोणी नाही. मशीनचा नातेवाईक."

गार्ड इतका गोंधळला की त्यानं सोडलं!

सिस्टर म्हणाल्या, "उद्या ऑपरेशननंतर यांना हाच लावणार. नको असेल तर जुना बटणांचा आहे, पण आत्ताच सांगा." बोलता बोलता त्यांनी पंप चालू केला, आणि दुसरा हात स्क्रीनवरच होता. मी वाकून स्क्रीनकडे बघितलं.

'स्क्रीन मोकळा करा.'

सिस्टरांनी हात काढला. पंप शहाण्यासारखा सुरू झाला. मला रडू येईल असं वाटलं, पण सिस्टर उत्तरासाठी थांबल्या होत्या.

सर माझ्याकडे वळले, तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्यांना तो प्रश्न विचारता येईना. शेवटी ते आईलाच म्हणाले, "ताई, हे मशीन चालेल ना आपल्याला?"

आईनं पंपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अहो, मला काय विचारता? बनवलंय हिनं. हिलाच विचारा की, आईला लावशील का म्हणून!"