रंगनाथ खैरनार, स्प्रिंगवाले

सातपूरचा कारखाना बंद पडला, तेव्हा कुणी मिसळीची गाडी लावली, कुणी विम्याचा एजंट झाला. रंगनाथ खैरनारने बिनगिअरच्या स्कूटरचं गॅरेज टाकलं. हात चांगला होता. तोंड हाताहून चांगलं. त्याचं एकच तत्त्व होतं : स्प्रिंग असो की माणूस, नरम पडला की संपला. त्याची बायको सुमनबाई हे पंचवीस वर्षं ऐकूनही नरमच राहिली होती, म्हणून संसार बरा चालला होता.

दोन हजार सहाच्या सुमारास पिंपळगावचा द्राक्ष निर्यातदार शेखर याने परदेशातून एक गाडी आणली. शेजारी-शेजारी दोन सीट, दारं नाहीत, डोंगर चढायची ऐट. गावाने तिला बग्गी म्हणून टाकलं. बग्गीला गिअर नव्हता. इंजिनाला लागून असलेली पुली, म्हणजेच तिचा क्लच, बेल्टला पकडायची, आणि कधी पकडायचं ते पुलीतली स्प्रिंग ठरवायची. शेखरने रुबाबासाठी मोठे टायर चढवले आणि बग्गी पॅकहाऊसमागच्या चढावर धापा टाकू लागली. जळक्या बेल्टचा वास द्राक्षांपर्यंत जायला लागला.

"काका, स्कूटरचा बेल्ट तुम्ही डोळे मिटून बदलता," शेखर म्हणाला. "ही तिचीच थोरली बहीण समजा."

त्याने पांढरी, पिवळी आणि लाल अशा तीन नव्या स्प्रिंगा मागवल्या होत्या. रंगनाथने प्रत्येक अंगठ्याने दाबून पाहिली. लाल तसूभरही हलली नाही.

"हीच!"

"सोबतचा कागद वाचायचा का?"

"चढ कागद चढणार आहे का?"

रविवारी चाचणी ठरली. शेखरचे सासरे मोतीराम सटाण्याहून आले होते. मानाची सीट त्यांना मिळाली. शेखरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन बोंबलू लागलं, पण बग्गी जागची हलेना.

"अजून दाबा!" रंगनाथ ओरडला.

शेखरने दाबला. लाल स्प्रिंग एकदम दबली, पुलीने बेल्ट आवळला आणि बग्गी उडी मारून समोरच्या कांद्याच्या ढिगात शिरली. मोतीरामांची टोपी मागे राहिली. कांदे झटकत ते म्हणाले, "हाई गाडी शे का घोडं शे?"

सगळे हसले. रंगनाथही हसला, पण त्याचे कान तापले होते. दुपारी सगळे जेवायला बसले, तेव्हा भूक नाही म्हणून तो पॅकहाऊसच्या शेडमध्येच थांबला. लाल स्प्रिंग काढून त्याने कंपनीची मूळ स्प्रिंग बसवली. चढावर पुन्हा वास आला. मग कोपऱ्यात पडलेले जुने टायरही चढवले. संध्याकाळी बग्गी मोतीरामांना घेऊन चढ अशी चढली, की त्यांना वर जाऊन उतरवेना.

"काका, काय जादू केलीत?"

"काही नाही. कंपनीने दिली होती तशी करून ठेवली."

शेखरने डोळा मारला. "टायर दिसतायत हो. पण आत काय केलंत? राहू द्या, नका सांगू. कारागिराने गुपित फोडू नये."

चांदवड-दिंडोरीकडच्या बागायतदारांत नाव झालं. हौशी लोकांच्या असल्या गाड्या सातपूरला येऊ लागल्या. रंगनाथ सुरुवातीला खरं सांगायचा, "तुमची स्प्रिंग उत्तम आहे, हात लावू नका." गिऱ्हाईक हिरमुसून दुसरं गॅरेज गाठायचं. मग तो शहाणा झाला. शटर अर्धं ओढायचं, स्प्रिंग काढायची, धूळ पुसायची, तीच परत बसवायची.

"सेटिंग केलंय," एवढंच सांगायचं. गिऱ्हाईक चौकापर्यंत चक्कर मारून यायचं आणि म्हणायचं, "फरक आहे हं!"

"तुम्ही आत नेमकं करता तरी काय?" एकदा सुमनबाईने विचारलं.

"पुसतो."

"आणि लोक खूश होतात?"

"लय!"

पुढच्या दिवाळीत पेंटरने नवा बोर्ड रंगवला, 'इंपोर्टेड क्लच स्प्रिंग स्पेशालिस्ट'. 'स्पेशालिस्ट' या शब्दाकडे रंगनाथ बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पेंटरला अक्षर थोडं मोठं करायला सांगितलं.