खांबाला ना हरकत

दिल्लीहून हौशी (हॅम) रेडिओवर बोलायचा परवाना केव्हाच आला होता. घोडं अडलं होतं गावात. घरामागे एरियलसाठी उंच खांब उभा करायचा तर ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा, आणि अर्जात मी शहाणपणा करून शब्द लिहिला होता 'टॉवर'. झालं! अर्ध्या गावाला वाटलं, मी मोबाइल कंपनीला जागा दिली. "आता रेंज येल ना?" म्हणून काही जण खूश, आणि किरणांनी नारळ गळतील म्हणून बाकीचे नाराज.

बायको गेल्यापासून घरात रेडिओचाच काय तो आवाज. माडाला बांधलेल्या तारेवर मला कुठकुठली माणसं ऐकू यायची, पण माझी हाक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. मी घसा कोरडा करायचो आणि पलीकडचा माणूस दुसऱ्याशीच बोलायला लागायचा. चीड यायची. चीड कसली, रडूच यायचं.

मग पायाला भिंगरी लागली. पंचायतीतून पालघर, पालघरहून पुन्हा पंचायत. खांबाचे पाइप करून ठेवलेला बोईसरचा फॅब्रिकेशनवाला फोन करायचा, "अंकल, पाइप कब उठाओगे?" ग्रामसेवक थंडपणे म्हणायचे, "ग्रामसभेत ठेवू." सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे डोक्याला कळत होतं, जिवाला नाही.

ग्रामसभेत मी तयारीनं गेलो. हा टॉवर म्हणजे माझ्या वायरलेसचा साधा खांब, वादळात फोन बंद पडले तर कामाला येईल, शाळेतल्या मुलांना दाखवता येईल, सगळं बोललो. शेजारची काकी उठली. तिचा मुलगा मासेमारीच्या बोटीवर असतो, त्यामुळे एवढ्या भाषणातला 'वायरलेस' तेवढा तिनं बरोबर पकडला.

"मंग बोटीवरना पोरगा बोलेल ना माज्याशी?"

सभा एकदम माझ्या बाजूला झुकली. हो म्हटलं असतं तर तिथंच काम झालं असतं. जीभ वळवळलीसुद्धा.

"नाही काकी. बोटींचा वायरलेस वेगळा. त्यावर बोलायची मला परवानगी नाही."

"मंग तू कोनाशी बोलशील?"

"कुणाशीही. जो उत्तर देईल त्याच्याशी."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "रिकामपनाचे धंदे!" मला तडक उठून घरी जावंसं वाटलं. काकी मात्र हसली नाही. सरपंचांकडे वळून म्हणाली, "द्या त्याला. सांजचा मना आयकू येतो भिंतीतून. एकटाच हाका मारीत बसतो. कोन ओ देत नाय."

हशा थांबला. ठराव मंजूर झाला, ग्रामसेवकांनी तो वाचूनही दाखवला, पण माझी मान काही वर होईना.

सभा सुटल्यावर काकी वाटेत भेटली. आभार मानायला मी तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

"ते ऱ्हाऊ दे. मी भिंतीपलीकडंच हाय. मना पन कदी हाक मारीत जा."