दोन हात हिरवा रंग

काकांनी जुनी व्हॅन घेऊन तिच्यात दोन बाकं, स्टोव्ह आणि पडदे बसवले. गावात सगळे तिला घरगाडी म्हणत. त्या दसऱ्याला पूजेसाठी तिला हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. रंग वाळला तसा श्रीरामपूरच्या गॅरेजात तिच्या टपावर दादाच्या रेडिओची उंच काठी, म्हणजे अँटेना, चढवायची ठरली.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. हौशी रेडिओचा परवाना त्याला नुकताच मिळाला होता. परीक्षेसाठी मोर्सची टकटक मी त्याला शिकवली होती, इंग्रजी पुस्तकातली पानं मी मराठीत उतरवून दिली होती. परीक्षेचा फॉर्म मात्र काकांनी एकच आणला.

“तुला कशाला? उद्या लग्न होऊन जाशील.”

मी मान हलवली. घरात मला गरीब स्वभावाची समजत.

गॅरेजात मी पुस्तक घेऊन खाली उभी, दादा टपावर.

“वाच की, कॉन्व्हेंट! का शब्द अडला?” दादाने वरून माझ्या इंग्रजीला चिमटा काढला.

मिस्त्री हसला. मी वाचत गेले. चार बोल्ट, तळाशी चिनी मातीचा तुकडा, तीन बाजूंनी ताणाच्या दोऱ्या. मग ती ओळ आली; ती मी मनातच वाचली. अर्थिंगची तार गाडीला जिथे कसायची, तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करावा, नाहीतर आवाज लांब जात नाही.

मिस्त्रीच्या हातात कानस होतीच. “ताई, हितला रंग खरडायचा का?”

“पुस्तकात तसं काही नाही,” मी म्हणाले.

“मग ऱ्हाऊ द्या. लई झ्याक रंग बसलाय.”

शेजारी उभे असलेले काकाही खूश झाले. नव्या रंगाला कुणी नख लावलेलं त्यांना खपत नव्हतं.

रविवारी कोल्हारला प्रवरेकाठी गाडी लावली. काकांनी मित्रमंडळी जमवली होती. दादा माईकमध्ये हाका मारत राहिला. कोणी उत्तर देईना.

“अहो, त्यापेक्षा मी हाक मारतो, संगमनेरपर्यंत जाईल!” एक पाहुणे म्हणाले.

सगळे हसले. दादाचे कान लाल झाले. मी स्टोव्हवर चहा करत होते. तासभर मी ते कान चवीने पाहिले.

शेवटी काका जवळ आले. “पुस्तकात काही सापडतंय का बघ गं.”

“सापडेल. आधी माझा फॉर्म आणा.”

पाहुण्यांचे कप हातातच राहिले. काका हसायला गेले, मी हसले नाही.

“बरं, आणतो.”

“कधी?”

“उद्या. सगळ्यांदेखत सांगतो, उद्या.”

मी गाडीतल्या हत्यारांतली कानस घेऊन टपावर चढले. तारेखालचा रंग रुपयाएवढा खरवडला. हिरवा भुगा खाली उभ्या दादाच्या पांढऱ्या शर्टावर पडत होता, तो मी पडू दिला. तार पुन्हा कसली. दादाने पुन्हा हाक मारली आणि थोड्याच वेळात खरखरीतून बंगलोरचा एक आवाज आला. खाली टाळ्या झाल्या, दादासाठीच.

तो मात्र वर माझ्याकडे बघत होता.

“तुला हे आधीच माहीत होतं?” त्याने हळूच विचारलं.

“पुस्तकात होतं,” मी म्हणाले. “वाचायचं होतंस.”