खजुराच्या सावलीतली जर्मन वेल

खजुराखाली रोज फळं पडतात. एक-दोन उचलावी, बाकीची राहतात. सौदीतल्या हुफूफच्या या बागेत माझ्याकडे किस्से तसेच साचलेत. मी इथला माळी, गाव गुहागरजवळ, शिक्षण चौथी, सगळे चाचा म्हणतात. आज वेर्नरसाहेबांचे तेवढे सांगतो.

*

वेर्नरसाहेब बागेच्या पंपांचे जर्मन इंजिनियर. त्यांचं गाव तिकडे जर्मनीत, 'झाले' आणि 'उन्स्ट्रुट' नावाच्या दोन नद्यांच्या मुलखात. द्राक्षं पिकतात त्याच्या पार उत्तर टोकाला. तिथे म्हणे उभ्या डोंगरावर दगडी बांध घालतात. दिवसभर दगड तापतात आणि संध्याकाळी वेलींना ऊब देतात. साहेबांचे वडील त्या बांधांवरच म्हातारे झाले. आता त्यांना डोंगर चढवत नाही. साहेबांना एकच ध्यास होता, आपल्याकडच्या वेलीचा एक घड इथे पिकवून वडिलांच्या हातात ठेवायचा.

*

रोपं रीतसर कागदपत्रांनी आली. साहेबांनी इथेही त्यांच्यामागे दगडी बांध घातला! चार दिवसांत पानांचे पापड झाले. एकच वेल वाचली, ती मी खजुराच्या सावलीत हलवली. आमचा दापोलीचा ड्रायव्हर हमीद म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे उन्हाला आवतण द्यावं लागतं. इथे ते घरजावई आहे!"

*

मालक अबू सालिम एकदा वेलीपाशी थांबले. तिकडे एवढ्या द्राक्षांचं करतात काय, त्यांनी विचारलं. साहेब बुटांकडे बघू लागले.

"मुरवतात, शेख. लोणच्यासारखी," हमीद म्हणाला.

मालक तसबीहचे मणी ओढत राहिले. "ऐकलंय. ते लोणचं खाऊन लोक गातात."

*

जानेवारीत छाटणी. साहेबांचा हुकूम, प्रत्येक काडीवर दोनच डोळे ठेवायचे. डोळा म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा. शेवटच्या काडीला कात्री लावताना मला वाटलं, एवढ्या लांबून आलेलं लेकरू, किती कापायचं? तीन ठेवले. कुणाला बोललो नाही.

दुपारी मी त्या वेलीखाली पडायचो. पाटाचं पाणी वाजायचं आणि कधी न पाहिलेली नदी दिसायची. काठाला दगडी बांध, बांधावर ऊन बसलेलं.

*

वेलीला एकच घड धरला, तोही त्या शेवटच्या काडीवर. खजुराच्या घडांना घालतो तशी त्याला जाळी घातली. जूनमध्ये मणी पिकले. मी म्हटलं, काढा. साहेब म्हणाले, वडील ऑक्टोबरआधी कधी कात्री लावत नाहीत.

"ऑक्टोबरपर्यंत आपणच वाळू, साहेब," हमीद म्हणाला.

साहेब ऐकेनात. जुलैत जाळी उघडली, तर आत मनुका! साहेब तिथेच मातीत बसले. मी त्या मनुका माझ्या रुमालात बांधून त्यांच्या हातात दिल्या. म्हटलं, वडिलांना सांगा, उन्हाने घाई केली.

*

साहेब सुट्टीवर घरी पोचले आणि व्हिडिओ कॉल आला. मी आणि हमीद फोनवर वाकलो. पलंगावर वडील, मांडीवर माझा रुमाल. त्यांनी एक मनुका तोंडात टाकली आणि खिडकीकडे बघत बराच वेळ चघळली. मग मुलाला काहीतरी हळूच सांगितलं.

साहेब म्हणाले, "चाचा, बाबा विचारतायत, शेवटच्या काडीवर तिसरा डोळा कुणी ठेवला?"