टोपीवरची हॅट

आमचे सासरे हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या बाजारात पोती वाहून गुडघे गेले, तेव्हा पंच्याण्णव साली त्यांनी गेटवर ट्रक लावून द्यायचं काम धरलं. दिवसभर ऊन. एप्रिलात मान आणि कान भाजून निघाले, म्हणून मीच त्यांना हॅट घ्यायला स्टेशनबाहेर नेलं.

दुकानदाराने खाकी कापडी हॅट पुढे केली.

"आबा, आधी टोपी काढा," मी म्हटलं.

"चारचौघांत डोकं उघडं करू? घरात कोण गेलंय व्हय?" आबा तडकले आणि पांढऱ्या टोपीवरूनच एकेक हॅट चढवून बघू लागले. एकही बसेना. लोक हसत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी सगळ्यांत मोठी, रुंद काठाची हिरवट हॅट टोपीसकट नीट बसली. आबा आरशासमोरून हलेनात.

परतताना सोसायटीच्या दारात त्यांच्या गावचे म्हातारे अण्णा भेटले. आबांनी ऐटीत हॅट काढून रामराम घातला. खाली पांढरी टोपी जागच्या जागी होती.

"बघ सुनयना," ते मला म्हणाले, "जमंल का असं त्या गोऱ्या सायबाला?"