मागचं अस्तर

माझ्या मोठ्या दिरांना गल्लीत 'पोटवाले' म्हणतात, आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान! मला विचाराल तर तो माणूस मला एक दिवस धड आवडला नाही. बावीस वर्षं एका घरात काढली आहेत, त्यामुळे बोलायचा हक्क आहे माझा.

घराच्या मागच्या खोलीत ते मेडिकल कॉलेजांसाठी माणसाच्या पोटाची मॉडेलं बनवतात. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंतचा भाग, प्लॅस्टरचा, थराथराने उघडणारा. कातडी काढली की चरबी, मग दोन्ही बाजूंना तीन-तीन स्नायू. एकाचे धागे तिरके खाली, दुसऱ्याचे तिरके वर, तिसऱ्याचे आडवे. मधोमध दोन उभे पट्टे, त्यांना पुढून-मागून पांढरं अस्तर. आणि सगळ्यांच्या आत पेरिटोनियम, म्हणजे पोटाच्या भिंतीला आतून लागलेला ओलसर पापुद्रा.

साचे त्यांचे, रंग माझा. पापुद्रा ओला दिसावा म्हणून मी वॉर्निशचे तीन हात द्यायची. पण "बरं झालंय" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी फुटले नाहीत. उलट हातातला ब्रश ओढून घ्यायचे. तरुणपणी कॉलेजात चित्रं काढायला मुडद्यांच्या टेबलापाशी उभे राहायचे, तेव्हापासून डॉक्टर म्हणजे यांच्यापुढे कालची पोरं. उंटावरचे शहाणे नुसते.

माझी लेक मेडिकलला लागली आणि भाऊजींना ऊत आला. जेवताना घास तोंडात असला तरी प्रश्न. उभ्या पट्ट्यांमागचं अस्तर कुठवर? ती म्हणायची, शेवटपर्यंत, थेट हाडाला टेकतं. यावर भाऊजी मान डोलवायचे आणि ती खूश व्हायची. काकांवर भारी जीव पोरीचा.

तोंडी परीक्षेत तिला नेमकं हेच विचारलं, आणि तिने हेच सांगितलं. परीक्षक म्हणाले, नीट आठव. ही म्हणाली, सर, आमच्या घरी मॉडेल आहे, मी रोज बघते. खरं म्हणजे मागचं अस्तर बेंबीखाली तीन-चार बोटांवर संपतं. तिथून खाली मागच्या बाजूला एक पातळ पडदा आणि पेरिटोनियम, बस. ही अडून बसली, मग रडवेली झाली, पुढचे सगळे प्रश्न गेले. नापास. सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा, त्यातही गेली तर अख्खं वर्ष पाण्यात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच मागच्या खोलीत गेले. भाऊजी साचा घासत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पोरीने पुस्तक उघडायला हवं होतं. चोराच्या उलट्या बोंबा! आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे पेपर तोंडापुढे धरला. मग मी टेबलावरचं नवं मॉडेल दोन्ही हातांनी उचललं आणि आपटते म्हटलं, तेव्हा कुठे ते बोलले.

"खाली अस्तर नसलं की प्लॅस्टर तिथेच तडकतं. कॉलेजात पोचेपर्यंत तुकडे होतात. म्हणून खालपर्यंत घालतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि पोरीपुढे मान डोलवत होतात?"

ते पुन्हा घासायला लागले. मान का डोलवत होते ते मला कळलं. ती एवढं मानते, तिच्यापुढे आपलं काम खोटं आहे हे सांगायचं जिवावर आलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, मग त्यात पोरीचं वर्ष गेलं तरी चालेल!

त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं बंद, रंगाला हात लावणं बंद. घरात मात्र माझं तोंड चालूच. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीही सुरू झाले. घात केला या माणसाने, असा सख्खा काका वैऱ्यालाही देऊ नये, वगैरे. लेकीने पुस्तक मिटलं.

"आई, माळ्यावर पोत्यात एक तडकलेलं मॉडेल आहे. त्याला खाली अस्तर नाहीये. रंग तुझ्या हातचा आहे."

ते माझं पहिलंच काम. कॉलेजने परत पाठवलं होतं. पुढच्या साच्यात पांढरं जास्त का, असं मी तेव्हा विचारलं होतं. नाहीतर तडकतं, असं भाऊजी म्हणाले होते. बरं म्हणून मी पांढऱ्या डब्यात ब्रश बुडवला. मग बावीस वर्षं तोच पांढरा पट्टा खालपर्यंत ओढत राहिले. लेक शेजारी बसून बघायची.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

मी तिच्या डोळ्यांत बघून "नाही" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती पास झाली. भाऊजींशी मी अजून बोलत नाही.