पाटावरची करवत

खांडेनवमी आली, की ती केस डोक्यात पुन्हा घोळू लागते. पेन्शनीत निघून इतकी वर्षं झाली, पण तिचा निकाल माझा मलाच लावता आलेला नाही.

मी तेव्हा जुन्नरला फौजदार होतो. सकाळी ठाण्यातल्या बंदुका, तलवारी पाटावर मांडून हळदकुंकू वाहत होतो, तेवढ्यात अनाथाश्रमाचे व्यवस्थापक धापा टाकत आले. दुष्काळात पोरकी झालेली मुलं ते सांभाळत, शाळा शिकवत, हाताला धंदा लावत. त्यांच्या सुतारशाळेतला रंधा, करवत आणि पटाशी गायब होती. सोबत सोळा वर्षांचा एक मुलगाही. पुढच्या आठवड्यात तो पुण्याच्या कारखान्यात लागायचा होता.

"चालचलणुकीचा दाखला लिहून ठेवलाय. आता फाडू का?" त्यांनी विचारलं.

दाखल्याशिवाय अशा मुलाला दारात कोण उभं करणार? मी परत येईपर्यंत थांबा म्हटलं आणि घोड्यावर बसलो.

खबर ओतूरला मिळाली. तिथला मारवाडी दुकानदार म्हणाला, "काल आलं व्हतं पोरगं, साहेब. पाठीवर गोणपाट, लई जड. हळद घेतली आन् मढची वाट धरली." चोर माल विकतो. हा हळद विकत घेत होता. माझं डोकंच चालेना.

मढला एका पडक्या घरात तो सापडला. जमीन नुकती सारवलेली. पाटावर तिन्ही हत्यारं, वर झेंडूची फुलं.

"घर कुणाचं?"

"आमचं. बा सुतार व्हता. दुष्काळात त्याची हत्यारं इकली, मंग त्यो बी गेला."

"विचारून का नाही आणलीस?"

"इचारलं असतं तर नाय म्हनले असते. आश्रमात कुनाचाच सन करत नाय. ज्या हत्यारांवर शिकलो, ती पुजल्याबिगर पयल्या कामाला कसा जाऊ?"

"उचल ती. ठाण्यावर चल," मी दरडावलं.

"आज नाय, साहेब. आज हत्याराला हात लावत न्हाईत. उद्या मीच घिऊन येतो."

आणखी दरडावणार, तोच लक्षात आलं, की माझ्याही कमरेला आज तलवार नव्हती. ओट्यावर बसलो. त्याला सोडून जायचं धाडस होईना आणि मुद्देमाल उचलायचंही.

दसऱ्याच्या सकाळी त्याने फुलं बाजूला केली, हत्यारं गोणपाटात घातली आणि माझ्या घोड्यापुढे चालू लागला.

व्यवस्थापकांनी पटाशीवरच्या हळदीवरून बोट फिरवलं. "एकाचा सण केला तर दुसऱ्याचा राहील, म्हणून आम्ही कुणाचाच केला नाही," ते म्हणाले. मग दाखला त्यांनी पोराच्या हातात ठेवला. मी उगाच मिशीला पीळ दिला.

न विचारता नेलेली वस्तू म्हणजे चोरीच. मी गुन्हा दाबला की गुन्हा घडलाच नव्हता, ते मला अजून कळत नाही. पोराच्या हाताला धंदा दिला म्हणून त्याचा बाप पुसला जात नाही, एवढं मात्र शिकलो. ठाण्याच्या डायरीत लिहिलं, 'हत्यारं मिळाली. पूजेत होती.' वरच्या साहेबाने खुलासा मागितला असता, तर त्या दिवशी आमच्या बंदुका कुठे होत्या, तेही सांगावं लागलं असतं.